चादरीतले पिक्सेल

परवा रविवारी कॉम्प्युटरचा डेस्कटॉप आवरायला बसलो आणि आवरणं राहिलं बाजूला. एक जुना आयकॉन सापडला, तो मोठा करून बघत बसलो. बायको म्हणाली, "कचऱ्याच्या डब्याच्या चित्रात बघण्यासारखं काय आहे एवढं?" आता काय सांगणार! मला असल्या गोष्टींचं वेडच आहे. नीट जमलेला आयकॉन, कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं वेळापत्रक, एका हाताने उघडणारी डबी... कुणीतरी निवांत बसून आपला विचार केलाय हे अशा वस्तू हातात घेतल्यावर कळतं, आणि ओळखदेख नसताना त्या माणसाबद्दल आपुलकी वाटायला लागते. (आईच्या मते मी वस्तू वापरायच्या सोडून न्याहाळत बसतो. आई, तू हे वाचत असशील तर कबूल.)

तर मंडळी, ही आवड मला परदेशी गॅजेट्समुळे लागली असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग कधीतरी सुझन केअर या बाईंबद्दल वाचलं. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला, त्यातली चिन्हं यांनी काढली. विंडोज ३.० मध्ये (१९९०) सॉलिटेअर आलं, ज्याने आपल्यापैकी अनेकांचे ऑफिसचे तास खाल्ले, त्याचे पत्तेही यांचेच. मॅकची चिन्हं काढताना त्यांनी सुरुवात केली ती साध्या ग्राफच्या वहीवर. बत्तीस आडवे, बत्तीस उभे चौकोन. एक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, काळा तरी नाहीतर पांढरा तरी. भरतकाम आणि मोझेक आधीपासून येत असल्यामुळे हे काम त्यांना परकं वाटलं नाही.

हे वाचलं आणि मी सटकन आमच्या जुन्या गल्लीत जाऊन पोचलो. कारण असा ग्राफ मी मॅक बघण्याच्या कितीतरी आधी बघितला होता, अशोक चौकाच्या मागे, आमच्या शेजारच्या काकांच्या ओट्यावर.

काका चादरीच्या कारखान्यात होते. घरी तेलुगू, आमच्याशी खास सोलापुरी मराठी. संध्याकाळी ओट्यावर पाट घेऊन बसायचे, पाटावर भला मोठा ग्राफपेपर आणि हातात लाल पेन्सिल. चौकोन भरत भरत मोर तयार व्हायचा. कधीतरी पेन्सिल माझ्या हातात द्यायचे. मी दणादण भरत सुटलो की ओरडायचे, "काय बे, मोराला मान आहे का नाही? एक घर सोड की तिथं!" मी ते एक घर सोडायचो आणि खरंच मोराची मान वळायची! सगळे चौकोन सरळ रेघांचे, त्यात गोलाई कुठून आली हे मला तेव्हा कळायचं नाही. आजही पूर्ण कळलंय असं नाही.

या ग्राफवरून पुढे पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची. मागावरच्या जेकार्डचं काम कार्डाच्या भोकांवर चालतं. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा जातो. एका आडव्या धाग्याला एक कार्ड, पुढच्याला पुढचं, अशी कार्डांची लांबच लांब माळ. एक भोक चुकलं की ती चूक प्रत्येक चादरीवर, त्याच जागी. फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या माणसाने १८०४ साली हे यंत्र पुढे आणलं. त्यावरून बॅबेजने आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी कार्डांची कल्पना उचलली, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत होलेरिथची यंत्रं भोकांच्या कार्डांवर चालली. म्हणजे डेस्कटॉपवरचा माझा तो कचऱ्याचा डबा आणि काकांचा मोर दूरचे का होईना, नातेवाईक आहेत.

पण चादरीची मला सगळ्यात आवडणारी गंमत वेगळीच आहे. ती दुहेरी विणलेली असते. वर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर खाली पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. तिला उलटी बाजूच नाही! लाइट गेलेले असोत, झोपेत असा, कशीही ओढा, बरोबरच. आता हे एखाद्या फोनमध्ये असतं तर त्यावर स्टेजवरून अर्धा तास भाषण झालं असतं. चादर बिचारी गेली कित्येक वर्षं न बोलता लोकांना झोपवतेय.

आणि मी काय केलं? पुण्याला हॉस्टेलवर जाताना आईने बॅगेत चादर घातली होती, ती मी निघायच्या आधी गुपचूप काढून ठेवली. "सोलापूरचा का? मग चादर आणली असशील!" हा विनोद ऐकायचा नव्हता. (तो तसाही ऐकावा लागलाच.) तिकडे जाऊन एक छापील बेडशीट घेतलं, ज्याच्या मागच्या बाजूला नुसते रंगाचे डाग होते. डिझाइन म्हणजे बाहेरून येणारी गोष्ट, आपल्याकडे असतो तो माल, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि हे फक्त माझ्याच डोक्यात नव्हतं. केअरबाईंना जग डिझायनर म्हणतं, आणि रास्त म्हणतं. काकांच्या पगाराच्या कागदावर 'कामगार' एवढंच लिहिलेलं असायचं. मला हे आता खुपतं. हुशारी तीच, चौकोन तेच, मग एकाला नाव आणि दुसऱ्याला नुसता हजेरी क्रमांक का?

आपल्याकडची अशी बिननावाची हुशारी माझ्या बोटांखाली रोज असते. मी हे टाइप करतोय तो इनस्क्रिप्ट कीबोर्ड. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबलं की ख, ग वर घ, त वर थ. मात्रा साधी, शिफ्ट दाबून तोच स्वर. शाळेत बाईंनी शिकवलेली बाराखडी कुणीतरी बटणांवर मांडून ठेवलीय! शिवाय तेलुगू आणि कन्नडलाही हीच मांडणी. सोलापुरात एकाच गल्लीत या तिन्ही भाषा ऐकू येतात, त्यामुळे मला तर हा कीबोर्ड आमच्या गल्लीसाठीच केल्यासारखा वाटतो. १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे, पण शिकायला आठवडा लागतो म्हणून लोक त्याच्या वाटेला जात नाहीत. जावं, असं माझं स्पष्ट मत.

गोष्टींमध्येसुद्धा असं असतं बरं का. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा तो 'ट्टॉक' आठवा. एवढासा आवाज, पण तो आला की वाचणारं पोर सावरून बसतं, आता पठ्ठ्याच्या डोक्यात काहीतरी शिजलंय. पानभर वर्णनाचं काम एका आवाजात. हाही आयकॉनच की!

असो. मागच्या दिवाळीला सोलापूरला गेलो तेव्हा काकांच्या घरी जाऊन आलो. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाला विचारलं, ते ग्राफ आहेत का रे कुठे? एखादा फ्रेम करून भिंतीवर लावीन म्हणत होतो. तो म्हणाला, "माळा साफ केला तेव्हा सगळे रद्दीत गेले की. कार्डंपण." आता त्यांच्या ओळखीतल्या कारखान्यात डिझाइन कॉम्प्युटरवरच होतं म्हणे. ते बरंच आहे, डोळे तरी वाचतील. काकांना शेवटी शेवटी ग्राफचे चौकोन दिसत नव्हते.

येताना एक चादर घेतली, लाल, मोराची. ती चेनच्या पारदर्शक पिशवीत आली. त्या पिशवीवर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. आमच्या घरात चादरी फाटल्या पण या पिशव्या टिकल्या, आणि दोन पिढ्यांच्या मार्कशीटा त्यातच आहेत. नवीन पिशवीत सध्या माझ्या चार्जरच्या वायरी आहेत. चादर मुलीने पळवलीय. तिला पांढरी बाजू वर आवडते.