उंदराचा ताप माणसाकडून माणसाला लागतो का?



मार्च २०२० मध्ये आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक बातमी फिरली होती. चीनच्या युन्नान प्रांतातला एक माणूस बसमध्ये दगावला आणि तपासणीत 'हंता' विषाणू निघाला. करोनाची धास्ती होतीच, त्यात ही भर. उंदराच्या तापाचं नाव निघालं की आजही पहिला प्रश्न तोच: हा एकाचा दुसऱ्याला लागतो का?

सरळ उत्तर असं. *हंताचे प्रकार बरेच, पण माणसाकडून माणसाला पसरतो हे पक्कं ठरलंय ते एकाच प्रकाराबद्दल.* तो अँडीज विषाणू. अर्जेंटिना-चिली भागातल्या रानउंदरांत तो असतो. अर्जेंटिनातल्या एपुयेन गावात २०१८-१९ मध्ये त्याची ३४ जणांना लागण झाली, ११ जण दगावले. एक आजारी माणूस वाढदिवसाच्या कार्यक्रमाला गेला आणि तिथून साखळी लागली. आजारी आणि त्यांच्या संपर्कातली माणसं वेगळी ठेवली, तेव्हा साथ थांबली.

बाकीचे हंता उंदराच्या वाळलेल्या लेंड्या आणि मुताच्या धुळीतून, श्वासावाटे येतात. अमेरिकेत १९९३ साली सापडलेला प्रकारही असाच जीवघेणा, पण तो एकाकडून दुसऱ्याला गेल्याचं दिसलेलं नाही.

आपल्याकडे उंदरामुळे होणारा नेहमीचा ताप म्हणजे लेप्टो. कोकणातल्या भातवाल्यांना तो चांगला माहीत आहे. तो विषाणू नाही, जिवाणू आहे. उंदराचं मूत मिसळलेल्या चिखल-पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे तो आत शिरतो. माणसाकडून माणसाला लागणं अगदी क्वचित.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: *आपण माणसाला घाबरतो आणि उंदराला मोकळं सोडतो.* कुणाला ताप आला की त्याच्या घरचा चहा बंद, त्याला कामावर बोलावणं बंद. आणि त्याच दिवशी गोदामाचं दार लावून, कोरडा झाडू घेऊन आपण धुरळा उडवतो!

कुणी म्हणेल, चार दिवस लांब राहिलं तर बिघडलं कुठे? बिघडतं. वाळीत टाकतील या भीतीनं माणूस ताप लपवतो. लेप्टोवर वेळेत औषध मिळालं तर माणूस बरा होतो; उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत आणि जिवावर बेततं. कुणाला वेगळं ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील, पारावरची चर्चा नाही.

आपण एवढं करूया:
✅ गोदाम, कणगी, पंपघर साफ करण्याआधी दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा.
✅ लेंड्यांवर ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा (धान्यावर नको), थोडा वेळ भिजू द्या, मग ओल्या फडक्यानं पुसा. तोंडाला मास्क, हातात मोजे.
✅ पोती फळीवर, भिंतीपासून सुटी ठेवा. बिळं बुजवा.
✅ पायाला जखम असेल तर चिखलात गमबूट घाला.
✅ ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, दम लागणं: त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. शेतात किंवा गोदामात काम केलं होतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शेजारी तापानं पडला असेल तर त्याला दवाखान्यात न्यायला गाडी काढा. आणि घरी आल्यावर कोरडा झाडू बाजूला ठेवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी