स्लॅबला तारीख कळत नाही



कडाक्याच्या थंडीत पहाटे निफाडकडे जाणाऱ्या रस्त्याने गेलात, तर द्राक्षबागांमधून धुराचे पट्टे उठताना दिसतील. पारा फार खाली आला की बागायतदार रात्र जागून काढतो, शेकोट्या पेटवतो, पहाटे वेलींना विहिरीचे पाणी देतो. मणी तडकू नयेत म्हणून ही सारी धडपड. त्याच रस्त्याच्या कडेला एखाद्या नव्या घराचा स्लॅब तीन दिवसांपूर्वी टाकलेला असतो. थंडी त्यालाही बाधते. पण त्याच्यासाठी कोणी जागत नाही. सातवा दिवस उजाडला की टेकू निघतात.

हिवाळ्यात टेकू असे तारखेने काढणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे.

काँक्रीट 'वाळून' घट्ट होते, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ते वाळल्याने नव्हे, तर पाणी टिकल्याने घट्ट होते. सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेटांचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो आणि त्यातून निर्माण होणारा चिवट पदार्थ वाळू, खडी व सळया यांना एकत्र बांधतो. सिमेंटच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पाणी या संयोगात कायमचे अडकते. पाणी उडून काँक्रीटच्या आतील आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या खाली गेली, की संयोग जवळजवळ थांबतो. आपला हिवाळा कोरडा असतो. ऊन सौम्य आहे म्हणून पाणी मारण्यात कसूर केली, तर पृष्ठभाग कच्चा राहतो आणि कोब्याची पूड पायाला लागू लागते.

दुसरी गोष्ट तापमानाची. बहुतेक रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले आहे. सिमेंट याला अपवाद नाही. 'आयएस ४५६ : २०००' या भारतीय मानकात ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि ६ मीटरपर्यंतच्या तुळईचे १४ दिवसांनी काढावेत, असे दिले आहे. ठेकेदाराला हा आकडा पाठ असतो. मात्र त्यालाच जोडलेल्या अटी सहसा कोणी सांगत नाही : हवेचे तापमान १५ अंश सेल्सिअसखाली जात नसेल, सिमेंट साधे पोर्टलंड असेल आणि पाणी नीट मारलेले असेल, तरच हे दिवस लागू पडतात!

आता नाशिकचा हिवाळा आठवा. येथे रात्रीचे तापमान आठवडेच्या आठवडे १५ अंशांच्या खाली असते. शिवाय बाजारातील पुष्कळशा सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्रांतील राख मिसळलेली असते. आपल्या एकलहऱ्यासारख्या केंद्रांत दगडी कोळसा जळून जी उरते, तीच ही राख. तिच्यामुळे काँक्रीट पुढे टिकाऊ होते. परंतु सुरुवातीचे बळ हळू येते. म्हणजे पहिल्या दोन्ही अटी मोडल्या, आणि आकडा मात्र ७ च राहिला!

मग किती दिवस थांबावे? याचा अंदाज करायला सॉल या संशोधकाने १९५१ मध्ये मांडलेला एक सोपा नियम उपयोगी पडतो. दिवसाच्या सरासरी तापमानात १० मिळवा. तेवढे त्या दिवसाचे 'गुण'. आपल्याकडे प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे सुमारे २७ अंशांच्या पाण्यात ठेवतात. तेथे रोज ३७, म्हणजे ७ दिवसांत २५९ गुण होतात. थंडीच्या लाटेत दिवसा २२ आणि रात्री ६ अंश असतील, तर सरासरी १४ आणि गुण २४. २५९ गुण भरायला जवळजवळ ११ दिवस लागतील. हा अंदाज आहे, अभियंत्याच्या सल्ल्याला पर्याय नव्हे. तरीही सातव्या दिवशी घाई का नको, हे त्यावरून पटावे.

मी हे सांगतो त्याला एक कारण आहे. माझ्या स्वतःच्या घराचा स्लॅब जानेवारीत पडला. सातव्या दिवशी सेंटरिंगवाला आला. त्याला दुसऱ्या कामावर टेकू हवे होते. तापमानाचा रासायनिक क्रियेवर होणारा परिणाम मी वर्गात दरवर्षी शिकवतो. पण त्या दिवशी मी गप्प राहिलो. स्लॅब पडला नाही. मधोमध बोटभर खाली मात्र वाकला. दर पावसाळ्यात तेथे पाणी साचू लागले, ते झिरपून सळयांपर्यंत पोहोचले. लोखंड गंजले की फुगते. खालून पोपडे सुटले. वरून गिलावा करून घेतला, तोही दोन वर्षांत पडला. कारण गंज आतच होता. अखेर सैल काँक्रीट फोडून, सळया चकचकीत होईपर्यंत घासून, नवे काँक्रीट भरून आणि पुन्हा चांगले पाणी मारूनच दुरुस्ती झाली. चार दिवसांची घाई मला कितीतरी महाग पडली. माझे नशीब की ती पैशांतच पडली. कच्च्या स्लॅबखाली टेकू काढणाऱ्या मजुराची किंमत पैशांत होत नाही.

बर्फाच्या देशांत ही बेपर्वाई चालत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. म्हणून कॅनडासारख्या देशात काँक्रीटमध्ये मुद्दाम सूक्ष्म बुडबुडे धरतात, ताज्या कामावर उबदार पांघरुणे घालतात. आपल्याकडेही ५ अंशांखालील कामासाठी वेगळे मानक आहे, आणि निफाडला काही हिवाळ्यांत पहाटेचा पारा त्याहूनही खाली गेला आहे.

टेकूंचे भाडे वाढते, पाणी टंचाईचे आहे, हे आक्षेप खोटे नाहीत. पण चार दिवसांचे भाडे दुरुस्तीपुढे किरकोळ ठरते. आणि ओली गोणपाटे पसरून वर प्लॅस्टिकचा कागद घातला तर पाणी थोडे लागते, रात्रीची ऊबही काहीशी टिकते. दिंडोरी रस्त्यावर 'मेरी'सारखी अभियांत्रिकी संशोधन संस्था ज्या शहरात आहे, तेथील घरे तरी अंदाजपंचे बांधली जाऊ नयेत.

शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करा. हातमोजे घालून सिमेंट-वाळूच्या तीन सारख्या वड्या पाडा. दुसऱ्या दिवशी एक ओल्या फडक्यात गुंडाळून खोलीत ठेवा, दुसरी तशीच गुंडाळून शीतकपाटात आणि तिसरी उघडी उन्हात. सातव्या दिवशी तिन्हींवर खिळ्याने ओरखडा काढून पाहा.

आणि शेजारी घर बांधले जात असेल, तर स्लॅब पडल्यापासून शाळेच्या कमाल-किमान तापमापकावरून रोजचे गुण मांडा. सातव्या दिवशी ती वही घेऊन घरमालक काकांकडे जा. मी गप्प राहिलो. तुम्ही राहू नका.