चौतीस वर्षांनी मिळालेला मान

रेसलमेनिया या व्यावसायिक कुस्तीच्या सोहळ्यातल्या लढतींचा निकाल आधीच ठरलेला असतो, म्हणून त्यांना खोटं म्हणणं अन्यायाचं आहे. अंग आपटतं ते खरंच. १९८७ मध्ये हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. पाठीच्या दुखण्याने बेजार असलेल्या आंद्रेने ते सोसलं, म्हणूनच तो क्षण घडला.

खरा आक्षेप वेगळा आहे. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुरू झालेल्या या वार्षिक सोहळ्यात शेवटची, मानाची लढत स्त्रियांना मिळायला २०१९ उजाडलं. बेकी लिंच, राँडा राउझी आणि शार्लट फ्लेअर यांनी ती केली. सगळं आयोजकांच्याच हाती होतं, मग त्यांना इतकी वर्षं कोणी अडवलं होतं?

दोनच वर्षांनी बियांका बेलएर आणि साशा बँक्स या कृष्णवर्णीय स्त्रियांनी, दोन रात्री चाललेल्या सोहळ्यात, पहिल्या रात्रीची अखेरची लढत गाजवली.