एक डिस्क गेली तरी



आपल्या पुष्कळ घरांतील जुनी छायाचित्रे, लग्नसमारंभांच्या चित्रफिती आणि वडीलधाऱ्यांचे ध्वनिमुद्रित बोल आता संगणकात जाऊन बसले आहेत. आल्बम भिजला तरी त्यातले चार फोटो वाचत असत. डिस्क बंद पडली म्हणजे मात्र सारेच एकदम जाते, आणि प्रत्येक डिस्क केव्हातरी बंद पडतेच. म्हणून एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहील अशी जी व्यवस्था असते, तिचा विचार आम्ही आज करणार आहोत.

तिला ‘रेड’ असे म्हणतात. १९८८ साली अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात हे नाव रूढ केले. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, आणि त्यांतील एखादी निकामी होईल हे धरून थोडी जादा माहिती राखून ठेवावी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय.

सर्वांत सोपा प्रकार ‘रेड १’. यात दोन डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तर वापरावयास चारच टेराबाइट मिळतात. ‘रेड ५’ साठी किमान तीन डिस्क लागतात आणि त्यांपैकी दोघींइतकी जागा मिळते. त्याचे गणित शाळकरी मुलासही समजेल. पहिलीवर १ व दुसरीवर ० असेल तर तिसरीवर १ लिहावा; दोहोंवर १ असेल तर तिसरीवर ०. एकांची संख्या नेहमी सम राहिली पाहिजे, एवढाच नियम. कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोघींवरून हरवलेला अंक काढता येतो. ‘रेड ६’ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी निभावते; त्यास किमान चार डिस्क लागतात. ‘रेड ०’ पासून मात्र दूर राहावे. त्यात वेग मिळतो, संरक्षण मुळीच नाही. एक गेली की सर्व गेले.

घरगुती उपयोगास आम्ही ‘रेड १’ च सुचवू. सारख्या क्षमतेच्या दोन डिस्क आणाव्यात. त्या एकाच घाण्यातून निघालेल्या नसल्यास उत्तम. जोडणी करताना डिस्कवरील पूर्वीचा मजकूर सामान्यतः पुसला जातो, म्हणून तो आधी अन्यत्र उतरवून घ्यावा. लिनक्समध्ये ‘एमडीअ‍ॅडम’ व विंडोजमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ ही साधने यासाठी आहेत. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक बाहेरून दिसेल असा चिकटवावा, अन्यथा प्रसंगी बिघडलेली राहते आणि धडधाकट डिस्क उपसली जाते. मौल्यवान काही ठेवण्यापूर्वी संगणक बंद करून एक डिस्क काढून पाहावी, दुसरीवर काम चालते याची खात्री करावी, आणि मग पुन्हा जोडणी पूर्ण होऊ द्यावी.

खरा धोका यापुढे आहे. एक डिस्क गेली तरी संगणक पूर्ववत चालतो, त्यामुळे घरात कोणास पत्ताही लागत नाही. जी सहनशीलता आपणांस वाचविते, तीच बिघाड झाकूनही ठेवते. मग दुसरी जाते तेव्हा हाती काही उरत नाही. म्हणून बिघाडाची सूचना ई-मेलने यावी अशी तजवीज पहिल्याच दिवशी करावी, आणि महिन्यातून एकदा स्वतः पाहावे. नवी डिस्क बसविल्यावर माहिती पुन्हा भरण्यास अनेक तास लागतात, आणि ‘रेड १’ वा ‘रेड ५’ मध्ये तेवढा वेळ दुसरा बिघाड सोसण्याची ताकद नसते.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. रेड म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. नातवाने चुकून एखादे छायाचित्र पुसले तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. चोरी व आग यांपुढेही त्या दोघी एकाच पेटीत सापडतात. यास्तव एक प्रत दुसऱ्या घरी, लेकीकडे वा भावाकडे, अवश्य ठेवावी. आणि ही सारी व्यवस्था घरातील आणखी एका माणसास शिकवून ठेवावी. तिची माहिती एकाच डोक्यात राहिली तर तीही एकाच डिस्कवर ठेवल्यासारखी आहे.