तारा हरवला, की नोंद?

कुंभ राशीच्या दिशेला, सुमारे साडेसात कोटी प्रकाशवर्षांवर, पीएचएल 293बी नावाची एक खुजी दीर्घिका आहे. 2001 ते 2011 या काळात तिच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रुंद रेषा दिसत होत्या. सूर्याच्या लाखो पट तेजस्वी असा एखादा अस्थिर तारा आपले थर बाहेर फेकत असल्याची ती खूण मानली गेली. 2019 मध्ये चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने पुन्हा पाहिले, तर खूण गायब. तारा स्फोट न होताच कोसळून कृष्णविवर झाला, की उद्रेक ओसरून धुळीआड गेला? मुळात तो संथपणे विझत गेलेला अतिनवतारा होता, असेही एका गटाचे म्हणणे आहे. मला यात कृष्णविवराची कथा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कमी सिद्ध वाटते. निवाडा अडला आहे तो मधल्या वर्षांच्या वर्णपटांवाचून.

एका ताऱ्यासाठी एवढा आटापिटा का? खगोलशास्त्रात हेलियमपेक्षा जड असलेले सारेच 'धातू'. प्रचंड ताऱ्याचा प्रकाश मुख्यतः लोहासारख्या अणूंना ढकलतो आणि त्यातून तारकीय वारा वाहतो. धातू कमी असले की वारा मंद, आणि ताऱ्याचे वस्तुमान टिकून राहते. या दीर्घिकेत धातू सूर्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके. विश्वातले आरंभीचे तारे कसे जगले असतील, याचा अंदाज अशाच ठिकाणी बांधता येतो.

म्हणूनच या दीर्घिकेचा वर्णपट भारतातून दरवर्षी घ्यावा, असे मला वाटते. हे महाकाय दुर्बिणींचे काम, आपल्याला कसे जमणार, हा त्यावरचा पहिला आक्षेप. तो हैदराबादजवळच्या रंगापूरच्या 48 इंची दुर्बिणीपुरता खरा आहे. पण 2001 चा वर्णपट अमेरिकेतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने घेतला होता. आपल्याकडे हानले येथे दोन मीटरची आणि देवस्थळला 3.6 मीटरची दुर्बीण आहे. स्वयंचलित सर्वेक्षणे आहेतच की, असा दुसरा आक्षेप. ती प्रामुख्याने तेज मोजतात. इथे एकूण तेजात फरक थोडाच पडला. बातमी रेषांमध्ये होती. तिसरा आक्षेप खरा अवघड: वर्षानुवर्षे 'बदल नाही' एवढेच लिहायला वेळ कोण देईल? त्याचे उत्तर हैदराबादनेच दिले आहे. नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये उभारलेल्या निजामिया वेधशाळेने आंतरराष्ट्रीय तारासूचीतला आपल्या वाट्याचा आकाशपट्टा बेगमपेठेतून पुरा केला. संचालक बदलले, 1919 मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली, दोन महायुद्धे झाली. तरी 1914 ते 1946 या काळात सात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद झाली. ती स्थानांची होती, वर्णपटांची नव्हे, हे कबूल. पण चिकाटी तीच लागते.

ऑक्टोबरात कुंभ रास रात्री आकाशात उंच असते. दुर्बिणींचा वेळ वाटणाऱ्या समित्यांनी त्यातली एक रात्र या दीर्घिकेसाठी दरवर्षी राखून ठेवावी, निकालाची अट न घालता.