कंट्रोलरचं बारसं
पुढचा प्लेस्टेशन अजून बाजारात यायचाय, पण विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या पोरांनी त्याच्या कंट्रोलरचं बारसं कधीच उरकलंय. मधोमध स्क्रीन असेल, बटणंच नसतील, काय नि काय! असल्या अंदाजांवर माझा फारसा भरवसा नाही. 2005 साली खुद्द सोनीने वाकडातिकडा ‘बूमरँग’ कंट्रोलर थाटात दाखवला होता. 2006 मध्ये प्लेस्टेशन 3 आला तो जुन्याच घाटाचा कंट्रोलर घेऊन, वर त्यातली थरथरही काढलेली. मला विचाराल तर आकार गौण. खरी मेख अंगठ्याखालच्या स्टिकमध्ये आहे. तिच्या पोटात कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर धातूची बारीक पट्टी सतत घासत असते. पट्टा झिजला की अंगठा उचलला तरी पडद्यावरचा गडी आपला डावीकडे चालतच राहतो. त्याऐवजी लोहचुंबक आणि त्याची हालचाल न टेकता ओळखणारा हॉल सेन्सर बसवला तर घासायचा प्रश्नच नाही. सेगाच्या ड्रीमकास्टने हे 1998 मध्येच करून दाखवलं होतं. तरी 2025 च्या स्विच 2 मध्येही निन्टेन्डोने ते घेतलं नाही, आधी कितीही बोलबाला झाला तरी. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्यांची अर्थातच त्याबद्दल काही तक्रार नाही.