कृतज्ञता आधी, सुट्टी नंतर

राऊहून महूला जाणारा रस्ता १४ एप्रिलला माणसांनी फुलून जातो. १८९१ साली सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी बाबासाहेब आंबेडकर जन्मले ते महूतच. आज सरकार त्या दिवशी सुट्टी जाहीर करते, पण ही कृतज्ञता फर्मानातून उगवलेली नाही. पुण्यात जनार्दन रणपिसे यांनी १९२८ सालीच जयंती साजरी केली होती. अमेरिकेत लिंकन यांनी १८६३ मध्ये आभारदिन जाहीर केला, त्यामागेही लेखिका सारा हेल यांचा अनेक वर्षांचा आग्रह होता. लोक ऋण ओळखतात, सत्ता शिक्कामोर्तब करते.

सुट्ट्यांनी कामाचे दिवस बुडतात, हा आक्षेप रास्त आहे. पण नोकरीत बांधलेल्यालाही महूला हक्काने जाता यायला हवे. मात्र त्या दिवशी संविधानाचे एक पान तरी वाचावे. नुसत्या विश्रांतीने ऋण फिटत नाही.